मोजा, लिहा, ग्रामसभेत मांडा
वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरं

‘गावाच्या विकासात आणि बदलत्या हवामानाला तोंड देण्यात तरुणांनी नेमकं काय करावं?’ या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं विदर्भातल्या खेड्यांतून आली. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पंचायत, पाणी, शेती आणि जंगल या क्षेत्रांत काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

आम्ही १८ ते २२ वयाचे आठ-दहा जण आहोत. ग्रामसभेत बोलायला उठलो की “पोट्टेहो, तुमाले काय समजते” म्हणून खाली बसवतात. मागच्या खेपेला बोललो ते प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) आलंच नाही. – ता. दर्यापूर, जि. अमरावती

सगळ्यात आधी प्रत्येकाचं नाव मतदारयादीत आहे का, ते तपासा. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. नाव नसेल तर तुमचं मत धरलं जात नाही. पूर्वी नाव नोंदवायला १ जानेवारी ही एकच तारीख धरत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. १७ वर्षं पूर्ण झालेल्यांना नमुना ६ आगाऊ भरून ठेवता येतो. अकरावी-बारावीतल्या मुलामुलींचे अर्ज आताच भरून घ्या. मुलींचे तर आवर्जून भरा, कारण लग्नानंतर नाव सासरी जाईल म्हणून अनेक घरांत ते माहेरी चढवतच नाहीत.

आता प्रोसिडिंगचं. तोंडी मांडलेला विषय गळण्यामागे दर वेळी कुणाचं वैर नसतं. सभा नोटिशीतल्या विषयांवर चालते. नोटिशीत नसलेला विषय आयत्या वेळच्या विषयांत ढकलला जातो आणि तोपर्यंत निम्मी माणसं उठून गेलेली असतात. राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. त्या बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणून तुमचा अर्ज सभेच्या पंधरा दिवस आधी कार्यालयात पोचायला हवा. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

एका अर्जात एकच विषय ठेवा. ‘गावातल्या नाल्या साफ कराव्यात’ असं लिहिलं तर त्यावर ‘चर्चा झाली’ एवढीच नोंद होते. त्याऐवजी जागा, लांबी, परिणाम आणि मागणी लिहा: ‘वॉर्ड २ मध्ये हातपंपापासून शाळेच्या कोपऱ्यापर्यंत ४० मीटर नाली गाळाने भरली आहे, सांडपाणी पंपाच्या ओट्यापर्यंत येतं, पावसाळ्यापूर्वी गाळ काढून उतार दुरुस्त करावा आणि खर्च चालू आराखड्यात धरावा.’ अशा विषयावर ठराव लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद लागतात. गणपूर्ती नसल्याने तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही आणि नेमके तेव्हाच मूठभर माणसांत निर्णय होतात. त्यामुळे तहकुबीनंतरच्या सभेला जाणं पहिल्या सभेइतकंच महत्त्वाचं आहे. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. तुमच्या गटातल्या मुलींनी तोच विषय तिथेही मांडला तर त्याचं वजन वाढतं. सभा संपण्याआधी ठराव वाचून दाखवायला सांगा आणि ठराव क्रमांक वहीत उतरवा.

ठरावाची नक्कल मागूनही मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, झेरॉक्सचे पानाला २ रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तोही साधारण १५० शब्दांत मांडावा लागतो. पाच-सहा विषयांची जंत्री एकाच कागदावर लिहिली तर अर्ज तिथेच अडकतो. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा.

एक धोका मात्र आधीच ओळखा. तुमच्या गटाला एखाद्या पार्टीचं लेबल लागलं की मांडलेला प्रत्येक विषय मागे पडतो. पहिल्या वर्षी कुणावर आरोप होईल असा विषय घेऊ नका. पाणी, नाली, अंगणवाडीचं छप्पर असे सगळ्यांच्या दारातले विषय घ्या.

दर पावसाळ्यात आमच्या गावात हगवण आणि मध्येच काविळीची साथ येते. ग्रामपंचायत म्हणते टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. आम्ही पोरांनी काय करावं? – ता. हिंगणघाट, जि. वर्धा

टीसीएल टाकतात का, हे विचारत बसू नका. किती टाकतात, कसं टाकतात आणि शेवटच्या नळाला त्यातलं किती पोचतं, या तीन गोष्टी मोजा.

आधी किती टाकतात ते पाहू. विहीर गोल असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला ७८५ ने गुणा, की पाणी लिटरमध्ये मिळतं. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ३७,६८० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम या साधारण प्रमाणाने सुमारे १९० ग्रॅम पावडर लागेल. ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. पावसाळ्यात विहिरीतली पातळी चढते आणि प्रमाण मात्र उन्हाळ्यातलंच राहतं. ही चूक फार ठिकाणी होते.

कसं टाकतात हेही तितकंच महत्त्वाचं. कोरडी पावडर वरून उडवली तर ती तळाला बसते आणि वाया जाते. प्लास्टिकच्या बादलीत थोडं पाणी घालून आधी घट्ट लगदा करा, एका बादलीला १०० ग्रॅमच्या वर नको. बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. खाली बसतो तो चुना, तो टाकून द्यायचा. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि बादली दोरीने वरखाली करून पाणी हलवा. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसू नये. पावडर हाताळताना नाकातोंडाला फडकं बांधा.

टीसीएलचं पोतं कार्यालयाच्या ओल्या कोपऱ्यात उघडं पडलेलं असेल तर पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो. ताज्या पावडरीत तो सुमारे ३३ टक्के असतो. गोळे झालेली, वास न येणारी पावडर कितीही टाकली तरी फायदा नाही. ती कोरड्या जागी घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये ठेवायची.

राहिली शेवटच्या नळाची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची तपासणी. नळीत खुणेपर्यंत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवा, साथ असताना ०.५. रंग लगेच, पंधरा सेकंदांच्या आत वाचा, उशीर केला तर आकडा फुगतो. तपासलेलं पाणी फेकून हात धुवा. टाकीजवळ रंग येतो आणि वस्तीच्या टोकाला येत नाही, असं दिसलं तर दोष बहुतेक पाइपलाइनचा आहे. लाइन नालीतून गेलेली असते, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचलेलं असतं. नळ बंद झाला की पाइपात ओढ निर्माण होते आणि फटीतून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं. नळाला थेट टिल्लू पंप जोडले असतील तर ही ओढ आणखी वाढते.

म्हणून गावाच्या नकाशावर प्रत्येक व्हॉल्व्ह, गळती आणि नालीतून गेलेला पाइप खुणावून घ्या. आठवड्यातून दोनदा टाकी, मधली वस्ती आणि शेवटचा नळ अशी तीन ठिकाणी ओटी टेस्ट करून तारखेसह लिहा. सहा आठवड्यांची अशी वही ग्रामसभेत ठेवली की कोणता पाइप बदलायचा यावर वाद उरत नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण द्यायचं असतं. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते शोधा आणि किट त्यांच्याकडूनच वापरायला शिका. आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, हेही विचारा.

काविळीबद्दल एक लक्षात ठेवा. आज डोळे पिवळे दिसतात ते साधारण दोन ते सहा आठवड्यांपूर्वी प्यालेल्या पाण्यामुळे. आजचा नमुना चांगला आला म्हणून पाणी निर्दोष ठरवू नका, साथ असेपर्यंत घरोघरी पाणी उकळूनच प्यायला सांगा. आणि टीसीएलने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइडग्रस्त गावांनी दातांवर डाग दिसत असतील तर प्रयोगशाळेत वेगळी तपासणी करून घ्यावी. प्रमाण लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर तो स्रोत पिण्यासाठी बंद करायला हवा.

हवामानबदल ही जगाची गोष्ट. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या गावात दहा पोरांनी त्याचं काय करायचं? – ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

जगाची गोष्ट तुमच्याच वावरात उतरते आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे पाऊस मध्येच दडी मारतो आणि पडतो तेव्हा कोसळतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात दिसलं. गावाला यातून वाट काढायची तर आपल्या शिवारात पाऊस किती आणि कधी पडला, हे आधी कळायला हवं. महसूल मंडळाचं पाऊस मोजण्याचं केंद्र दहा-बारा किलोमीटरवर असू शकतं आणि तेवढ्या अंतरात पाऊस निम्मा-दुप्पट होतो.

पर्जन्यमापक गावातच तयार होतो. २० सेंमी तोंडाचं फनेल आणि दहा लिटरचा कॅन घ्या. त्या तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंमी होतं, म्हणून ३१४ मिली पाणी जमलं की १० मिमी पाऊस झाला असं समजा. पाच लिटरचा कॅन घेऊ नका. तो १५९ मिमीला भरून वाहतो आणि जो आकडा सर्वांत मोलाचा तोच हातचा जातो. फनेलची कड जमिनीपासून ३० सेंमी उंच आणि अगदी सपाट ठेवा. जवळच्या झाडाच्या किंवा घराच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडा. कॅन जमिनीत पुरला तर उन्हाने पाणी उडत नाही. रोज सकाळी साडेआठला मोजा, ही हवामान खात्याचीच वेळ आहे. पाऊस नसेल त्या दिवशी ‘०’ लिहा, जागा कोरी सोडू नका, नाहीतर पाऊस झाला नाही की मोजायचं राहिलं हे पुढे कळत नाही.

या आकड्यांचा पहिला उपयोग पेरणीला. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो. दुबार पेरणीचं संकट बरेचदा ४० मिमीवरच तिफण काढल्याने येतं. रोजचा आणि जूनपासूनचा एकूण आकडा पारावरच्या फळ्यावर खडूने लिहा, मोबाइलच्या ग्रुपवर टाकून थांबू नका. गावातली वडीलधारी माणसं फळाच वाचतात. नुकसानभरपाईसाठी सरकार मंडळाचं केंद्र धरतं आणि २४ तासांत ६५ मिमीला अतिवृष्टी मानतं. तुमचा आकडा त्याची जागा घेणार नाही. पण मंडळात ४० आणि गावात ९० पडला असेल तर पंचनाम्याची मागणी लेखी करताना तो जोडता येतो.

सोबत दहा विहिरींची पातळी मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही त्याच महिन्यांत मोजा म्हणजे तुलना करता येईल. काठावर रंगाची खूण करा, दर वेळी तिथूनच टेप सोडा, आणि सकाळी मोटार सुरू होण्याआधीच सोडा. तुमच्याकडे खोलवरचं पाणी खारं असल्याने जास्त खोल बोअर घेऊन प्रश्न सुटत नाही. पावसाचं पाणी शेततळ्यात वरच्या वर साठवणं हाच तुमच्या पट्ट्याचा मार्ग आहे. एक हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० हजार लिटर. ७०० हेक्टरच्या शिवारात ७०० मिमी पडला तर ४९० कोटी लिटर पाणी येतं. त्यातलं किती अडतं, याचा हिशेब एकदा मांडून पाहा.

आमचं रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर आहे. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातली बेशरम, म्हणजे पाणथळीत फोफावणारं झुडूप, काढायचं ठरलं आहे. काय काळजी घ्यावी? – ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

शिबिर डिसेंबर-जानेवारीत असेल तर बेशरम काढूच नका. तेव्हा तलावात पाणी असतं, मुळं चिखलात राहतात आणि वरून तोडलेली बेशरम दुपटीने फुटते. तिचं काम मे महिन्यात, पाणी आटल्यावर करायचं. कुदळीने मुळासकट उपटायची आणि पाळीबाहेर (तलावाच्या बांधाबाहेर) कोरड्या, उंच जागेवर रचून कडक वाळवायची. ओल्या मातीत पडलेलं हातभर कांडकंही पुन्हा रुजतं. पहिल्या पावसानंतर उगवलेले कोंब पुन्हा वेचावे लागतात आणि पुढच्या वर्षीही हेच करावं लागतं. म्हणून गावातल्या बचत गटाशी आधी बोलून ठेवा.

हिवाळी शिबिरात तुम्ही तलावाची तपासणी करावी. तिच्याशिवाय मेमधली मेहनत दिशाहीन होते. पाळीची लांबी टेपने मोजा. उंदीर-खेकड्यांची बिळं, पाळीवर वाढलेली मोठी झाडं आणि पायथ्याशी झिरपणारी जागा टिपा. तुडूम (पाणी सोडायचं दार) उघडतं-मिटतं का पाहा. सांडव्यावर कुणी माती-दगड रचून उंची वाढवली आहे का, हे नक्की पाहा. जास्त पाणी साठवण्याच्या हेतूने केलेल्या या भरीमुळे मोठ्या पुरात पाणी पाळीवरून जातं आणि पाळ फुटते. गाळ किती साचला ते बांबूला खुणा करून पाच-सहा ठिकाणी मोजा.

गाळ काढायची वेळ आली तर जेसीबीवाल्याच्या मर्जीवर सोडू नका. पाळीच्या पायथ्याला लागून खोदलं तर पाळ खचते. तळाचा चिकण मातीचा थर फोडून मुरूम लागेपर्यंत खोदलं तर तलावात पाणीच टिकत नाही. हौसेने खोल केलेले तलाव दिवाळीनंतर कोरडे पडतात ते यामुळे. सगळी पाणवनस्पती ‘कचरा’ म्हणून काढणंही चुकीचं आहे. पाण्याखालच्या गवतात देशी मासे अंडी घालतात, पाणपक्षी त्यावर जगतात. कोणती ठेवायची, कोणती काढायची हे ढिवर मच्छीमारांना विचारा. तलाव बांधण्याची कला कोहळी समाजाची आणि पाण्यातल्या जीवांची जाण ढिवर समाजाची, या दोन्ही समाजांतल्या म्हाताऱ्यांना शिबिरात एकेक दुपार द्या. गोंदियात सारसांची घरटी धानाच्या बांध्यांत आणि तलावाकाठी असतात, पावसाळ्यात तिथे कुत्री आणि गर्दी जाऊ देऊ नका.

कामाआधी परवानगीचं पाहा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे आले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन असणारे तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे आहेत, मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो. तलाठ्याकडे निस्तार पत्रक पाहायला मागा. गुरांना पाणी, माती काढणं, वाट असे गावाचे कोणते हक्क त्यात नोंदले आहेत ते कळेल.

फवारणीला जाणाऱ्या मजुरांसाठी आमचं मंडळ काय करू शकतं? – ता. घाटंजी, जि. यवतमाळ

२०१७ च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी (कपाशी), दमट उकाडा आणि दोन-तीन औषधांचं मिश्रण हे सगळं तेव्हा एकत्र आलं होतं. मंडळाने हातमोजे, मास्क, चष्मे आणि पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट असे दहा संच घेऊन वापरायला द्यावेत. ते परत येतील तेव्हा साबणाने वेगळे धुतले पाहिजेत, घरच्या कपड्यांत नकोत.

फवारणी सकाळी किंवा उन्हं कलल्यावर, वारा पाठीशी घेऊन करायची. नोझल तोंडाने फुंकायचं नाही, औषध हाताने ढवळायचं नाही, फवारणी चालू असताना खर्रा (तंबाखू-सुपारी) खायचा नाही. औषध लागलेल्या बोटांनी खर्रा तोंडात गेला की विष सरळ पोटात जातं आणि मजूर सर्वांत जास्त चुकतात ते इथेच.

कुणाला घाम सुटला, लाळ गळू लागली, दृष्टी अंधुक झाली, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली तर थांबू नका. कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवा, कुशीवर निजवा, १०८ ला फोन करा. दूध पाजू नका, उलटी करवू नका. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी दवाखान्यात सोबत न्याच, कारण प्रत्येक विषाचा उतारा वेगळा असतो आणि डॉक्टरांना नाव कळल्याशिवाय तो ठरवता येत नाही.

फवारण्या कमी करणं हे याहून मोठं काम आहे. कपाशीच्या पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (वासाने नर पतंग ओढणारे) लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ गुलाबी बोंडअळीचे पतंग आले, किंवा शेतातून तोडलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकी दोन किडकी निघाली, तरच फवारणीचा विचार करायचा. शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारायचं, ही पद्धत तुमच्या मंडळाच्या वहीतल्या आकड्यांनी मोडता येईल.

संयुक्त राष्ट्रांची १७ शाश्वत विकास उद्दिष्टं आमच्या गावाला लागू आहेत का? – ता. चिखली, जि. बुलढाणा

आहेत. २०१५ मध्ये मान्य झालेली ही उद्दिष्टं २०३० पर्यंत गाठायची आहेत. पंचायतींसाठी त्यांची नऊ संकल्पनांत मांडणी केली आहे. त्यांत गरिबीमुक्त, आरोग्यदायी, बालस्नेही, जलसमृद्ध, स्वच्छ व हरित, महिलास्नेही गाव अशा संकल्पना येतात आणि ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा त्यांना धरून करायचा असतो. तुमच्या ग्रामपंचायतीने कोणती संकल्पना निवडली आणि तिच्याखाली किती रुपयांची कामं धरली, हे विचारा. फलकावर ‘जलसमृद्ध गाव’ आणि आराखड्यात सगळे पेव्हर ब्लॉक असं असेल तर पुढच्या ग्रामसभेसाठी तुम्हाला विषय मिळाला.

आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळून काही वर्षं झाली. तेंदूचा हिशेब एक-दोन जणच ठेवतात. मी बी.ए. झाले आहे, मला यात काम करायचं आहे. – ता. कोरची, जि. गडचिरोली

तुमच्या कामाची फार गरज आहे. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो गावांना मिळाला. पण हक्क मिळाल्यावर हिशेब कोण ठेवणार हा प्रश्न बऱ्याच गावांत तसाच राहिला.

सुरुवात फळीवरच्या (तेंदूपानं गोळा करण्याच्या केंद्रावरच्या) वहीपासून करा. एका पुड्यात ७० पानं आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७० हजार पानं. प्रत्येक कुटुंबाचे रोजचे पुडे त्या कुटुंबासमोर लिहा आणि त्यांच्याजवळच्या कार्डावरही तोच आकडा उतरवा. रोज संध्याकाळी फळीची बेरीज करून दोघींच्या सह्या घ्या. मजुरी आणि रॉयल्टी हे दोन वेगळे रकाने ठेवा. ठेकेदार दोन्ही मिळून एकच रक्कम सांगतो तेव्हा गोंधळ सुरू होतो. करार ग्रामसभेत वाचल्याशिवाय सही नको, पैसे ग्रामसभेच्या खात्यातच यायला हवेत आणि वाहतूक परवाना मागची रक्कम जमा झाल्यावरच द्यावा. ७० ऐवजी ७५ पानांचा पुडा घेतला जात असेल तर दर दिवशी पाच-दहा पुडे सोडून पानं मोजा आणि आकडा लिहा.

दुसरं काम वणव्याचं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग जंगलात पसरते. झाडाभोवती चार-पाच मीटर पाला झाडून घेतला किंवा जुनी लुगडी, हिरवी जाळी अंथरली तर पेटवावं लागत नाही, फुलंही स्वच्छ मिळतात आणि भाव बरा येतो. चांगलं तेंदूपान फुटावं म्हणूनही आग लावतात, ती कोवळी रोपं मारते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने झाडांची छाटणी आणि आग टाळण्यासाठी तेंदूपान तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. तुमच्या गावाने तेच करावं असं नाही, पण हा निर्णय घेण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, हे सगळ्यांना माहीत असावं. आग विझवताना तिच्या पुढून, विशेषतः चढावर, कधीही उभं राहू नका. मागून आणि बाजूने ओल्या फांद्यांनी झोडपत जा.

मी पुण्यात नोकरी करतो. गाव भंडारा जिल्ह्यात. वर्षातून दोनदा जाणं होतं. लांबून काही करता येईल का?

येईल, आणि वर्गणी पाठवण्यापेक्षा उपयोगाचं. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर तुमच्या ग्रामपंचायतीचा मंजूर आराखडा आणि झालेला खर्च कुणालाही पाहता येतो, ‘मेरी पंचायत’ अॅपवरही दिसतो. आर्थिक वर्ष, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडून कामांची यादी उतरवा. कामाचं नाव, जागा, मंजूर रक्कम आणि दिलेली रक्कम असे चार रकाने मराठीत करून एका पानावर छापा. गावातल्या दोन पोरांना ते पान घेऊन प्रत्येक जागी जायला आणि काम आहे का, पूर्ण आहे का, वापरात आहे का, एवढंच लिहायला सांगा. वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचं बंधन असतं, तो कुठे गेला ते वेगळं पाहा. यादीतलं नाव आणि जागेवरचं काम जुळत नसेल तर लगेच निष्कर्ष काढू नका. कधी कामाची जागा ठराव करून बदललेली असते. आधी ठरावाची नक्कल मागवा. हे पान १ मेच्या ग्रामसभेसाठी हवं असेल तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत गावात पोचलं पाहिजे.